संच तुमचा, उदाहरण सगळ्यांचं

पत्र थोडक्यात: पत्रलेखिका गोव्यातल्या एका कॉलेजात चार वर्षं लेक्चर बेसिसवर गणित शिकवतात. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या पुढाकाराने पाच कॉलेजांतले सात शिक्षक एकत्र आले. पहिल्या वर्षाच्या कॅल्क्युलसचे ऑनलाइन गृहपाठ मिळून करायचे, एका सामायिक ड्राइव्हमध्ये ठेवायचे आणि आपापल्या कॉलेजच्या मूडलवर (ऑनलाइन शिकवण्याच्या व्यवस्थेवर) चढवायचे, असं ठरलं. आज त्या ड्राइव्हमध्ये ४१ संच आहेत आणि त्यातले २९ बाईंनी एकटीने केलेले आहेत. बाकीचे घेऊन जातात, परत काही ठेवत नाहीत. एका सरांनी त्यांच्या संचातल्या दोन चुका सुधारल्या, पण सुधारलेला संच स्वतःपुरताच ठेवला. चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) सुट्टीत एका संचाची उत्तरं मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरली, आणि तोच संच त्या वेळी तीन कॉलेजांत चालू होता. विभागातल्या ज्येष्ठ सरांनी "तुका कित्याक जाय हें सगळें?" (तुला कशाला हवं हे सगळं?) एवढंच म्हणून विषय संपवला. एप्रिलमध्ये नेमणूक संपते, पुढची मिळेल की नाही ठाऊक नाही. बाई विचारतात: ड्राइव्ह बंद करून माझं काम माझ्याकडेच ठेवू का? की प्रत्येकाने पाच संच दिल्याशिवाय प्रवेश नाही, असा नियम लावू? आणि चालू ठेवायचंच तर हे सगळं लावायचं कसं?

नमस्कार बाई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुमचा राग दिसला, दुसऱ्यांदा मी हिशोब मांडला. एका संचात दहा उदाहरणं धरली तर २९ संचांत २९० होतात. उदाहरण सुचणं, ते आधी स्वतः सोडवून बघणं, टाइप करणं, उत्तर तपासायची सोय लावणं, मोबाइलवर नीट दिसतं का पाहणं, यात एकेका उदाहरणाला अर्धा तास तरी जातोच. म्हणजे १४५ तास झाले. लेक्चर बेसिसवरच्या शिक्षकाला पैसे मिळतात ते वर्गात उभं राहिलेल्या तासांचे. हे १४५ तास कुठल्याच बिलात आले नाहीत. तेव्हा तुम्हाला आलेला राग रास्त आहे, तो गिळायला मी सांगणार नाही.

तरीही ड्राइव्ह बंद करू नका. आणि पाच संचांची अटही घालू नका.

तुम्ही सुधारणा स्वतःपुरती ठेवणाऱ्या सरांबद्दल तक्रारीच्या सुरात लिहिलंय. मला तिथे स्वार्थापेक्षा अडचण दिसते. तुमच्याच पत्रात फायलींची नावं आहेत: 'इंटिग्रेशन २', 'इंटिग्रेशन २ नवीन', 'इंटिग्रेशन २ फायनल', 'इंटिग्रेशन २ फायनल सुधारित'. सर रात्री संच चढवायला बसले, त्यांना दोन चुका दिसल्या, त्यांनी त्या सुधारल्या, सकाळी त्यांचा वर्ग होता. आता ती सुधारणा परत ठेवायची तर कुठे? पाचवी फाइल करायची, की तुमच्या फायलीत परस्पर बदल करायचा? दुसऱ्याच्या वहीत लाल शाई चालवायला भिडस्त माणूस कचरतो. त्यात तुम्हाला फोन करून 'तुमच्या दोन चुका आहेत' म्हणणं आणखी अवघड. त्यांनी दिलं नाही हे खरं, पण द्यायला तुमच्या ड्राइव्हमध्ये जागाच नव्हती, हेही तितकंच खरं.

मी हे इतक्या खात्रीने सांगते, कारण मी ज्या कॉलेजात तीस-एक वर्षं शिकवलं, तिथे गणित विभागात एक गोदरेजचं कपाट होतं. त्यात ट्युटोरियलच्या कागदांचे गठ्ठे असायचे, वर्षवार, सुतळीने बांधलेले. प्रत्येक गठ्ठ्यावर शिक्षकाचं नाव आणि साल. एखाद्याला 'मीन व्हॅल्यू थिअरमवरचं जरा निराळं उदाहरण' हवं असेल तर चौदा गठ्ठे सोडायला लागायचे. कोण सोडणार? जो तो नवीन कागद काढायचा आणि वर्षअखेर पंधरावा गठ्ठा कपाटात जायचा. एका पावसाळ्यात कपाटामागच्या भिंतीतून पाणी झिरपलं आणि खालचे दोन कप्पे लगदा होऊन बाहेर आले. आम्ही हळहळलो. पण खरं सांगायचं तर ते गठ्ठे त्याआधीच कितीतरी वर्षं कुणी उघडले नव्हते. तुमचा ड्राइव्ह आज त्या कपाटासारखा आहे, फक्त त्यात पाणी शिरत नाही.

म्हणून माझं पहिलं आणि मुख्य सांगणं: संच सामायिक करू नका, उदाहरण सामायिक करा.

संच हा शिक्षकाचा स्वतःचा असतो. तुमच्या वर्गात बारावीला कॉमर्स घेऊन आलेली पाच मुलं असतील, दुसऱ्या कॉलेजात नसतील. तुमचा 'लिमिट'चा भाग जुलैअखेर संपतो, दुसऱ्यांचा ऑगस्टमध्ये. कुणाला सहा उदाहरणं पुरतात, कुणाला बारा लागतात. तुमच्या संचाचा क्रम तुमच्या वर्गावरून ठरलेला आहे, तो दुसऱ्याला जसाच्या तसा बसणार नाही, आणि बसला नाही म्हणून त्याला अपराधी वाटायचं कारण नाही. एकेक उदाहरण मात्र कुठेही जाऊ शकतं.

हे मी नवीन सांगत नाहीये. न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टर विद्यापीठात मायकल गेज आणि अर्नोल्ड पायझर या दोन गणिताच्या प्राध्यापकांनी १९९० च्या दशकाच्या मध्यावर 'वेबवर्क' नावाची गृहपाठ व्यवस्था उभी केली. त्यात प्रत्येक उदाहरण ही स्वतंत्र फाइल असते. संच म्हणजे नुसती यादी: अमुक फाइल, तमुक फाइल, सुरुवात या तारखेला, शेवट त्या तारखेला. संच उडवला तरी उदाहरण जागेवर राहतं. एकच उदाहरण पन्नास शिक्षकांच्या यादीत असू शकतं. पुढे अनेक विद्यापीठांतल्या शिक्षकांची उदाहरणं एकत्र येऊन त्यांचं खुलं भांडार झालं, त्यात आज ३५ हजारांहून अधिक उदाहरणं आहेत. त्यातही सुरुवातीला जो तो आपापल्या विद्यापीठाच्या नावाच्या फोल्डरमध्ये आपली उदाहरणं ठेवायचा. भांडार वापरण्याजोगं झालं ते प्रत्येक उदाहरणावर विषय, प्रकरण आणि उपप्रकरण अशा तीन पायऱ्यांची चिठ्ठी लागली तेव्हा. कुणी केलं यापेक्षा कशावर आहे, हे आधी दिसायला हवं.

तुमची पाचही कॉलेजं मूडल वापरतात, तेव्हा व्यवस्था बदलायची गरज नाही. मूडलच्या क्वेश्चन बँकेतही प्रश्न वेगळे आणि क्विझ वेगळी असते. आपण शिक्षक घाईत क्विझच्या आतच प्रश्न टाइप करत सुटतो, आणि मग ते त्या क्विझच्या नावाखाली पडून राहतात. आधी बँकेत विषयवार वर्ग (कॅटेगरी) पाडा, प्रश्न तिथे घाला, मग क्विझ भरा. सुट्टीत दोन दिवस बसलात तर एका प्रकरणाचं हे काम होऊन जाईल.

वर्ग पाडताना एक चूक हमखास होते. सेमिस्टर आणि पेपरच्या नावाने फोल्डर करू नका. गोवा विद्यापीठात २०२३-२४ पासून नवं शैक्षणिक धोरण लागू झालं तेव्हा पेपरांची नावं, कोड, क्रेडिट सगळं हललं, हे तुम्हीच अनुभवलंय. शिवाय तुमच्या पाचांत एखादं स्वायत्त कॉलेज असेल तर त्याचा अभ्यासक्रम वेगळा. रोलचं प्रमेय मात्र सगळीकडे तेच आहे. म्हणून फोल्डर विषयाचे करा: लिमिट, सातत्य, डेरिव्हेटिव्ह, मीन व्हॅल्यू, टेलर, इंटिग्रेशन. आणि कोणत्या पेपरात कुठला विषय येतो ते एका वेगळ्या तक्त्यात लिहा. अभ्यासक्रम बदलला की तक्ता बदलायचा, उदाहरणांना हात लावायचा नाही.

आता चिठ्ठीवर काय लिहायचं? इथे मी जरा थांबणार आहे, कारण सगळं यश याच्यावर आहे आणि इथेच माझ्या हातून एक गोष्ट घडली, जी मला अजून सलते.

निवृत्तीच्या आधीच्या एका वर्षी मी मूडलवर एक साधं उदाहरण दिलं होतं: साइन एक्स गुणिले कॉस एक्स, याचं इंटिग्रल काढा. उत्तराच्या जागी मी घातलं होतं साइन वर्ग एक्स भागिले दोन. वाळपईच्या बाजूची एक मुलगी वही घेऊन स्टाफरूमच्या दारात उभी राहिली. तिने आधी साइन दोन एक्सचं सूत्र वापरलं होतं, आणि तिचं उत्तर होतं उणे कॉस दोन एक्स भागिले चार. मशीनने शून्य दिलं होतं. मी व्हरांड्यात तिच्या वहीच्या मागच्या पानावर दोन्ही उत्तरांची वजाबाकी केली. उरला एक चतुर्थांश, म्हणजे नुसता स्थिरांक. दोन्ही उत्तरं बरोबर होती, आणि तिसरं, उणे कॉस वर्ग एक्स भागिले दोन, तेही बरोबर असतं. मी तिचे मार्क दुरुस्त केले. पण पुढचे तीन गृहपाठ तिने उघडलेच नाहीत. विचारलं तेव्हा म्हणाली, "टीचर, बरोबर असलं तरी चूकच दाखवतं."

आणि ते उदाहरण मी आमच्याच विभागातल्या दुसऱ्या तुकडीच्या शिक्षकांना आधीच देऊन बसले होते. त्यांच्याकडे किती मुलांना शून्य मिळालं असेल, ते मला कधी कळलं नाही. कळायची सोयच नव्हती.

तेव्हा प्रत्येक उदाहरणाला एक क्रमांक द्या. मूडलमध्ये प्रश्नाला आयडी नंबर द्यायची वेगळी जागा असते, ती वापरा. आणि ड्राइव्हमध्ये एकच शीट ठेवा, ज्यात एका उदाहरणाला एक ओळ. त्या ओळीत: क्रमांक, विषय-प्रकरण-उपप्रकरण, कुठलं कौशल्य तपासतं ते एका वाक्यात, सोपं-मध्यम-कठीण, कुणी केलं, शेवटचं कुणी तपासलं आणि केव्हा. शेवटचा रकाना सगळ्यांत मोठा ठेवा. त्याचं नाव 'वर्गात काय झालं'. माझ्या त्या उदाहरणासमोर तिथे असं लिहिलं गेलं असतं: 'उत्तराची तीन रूपं येतात, तिन्ही बरोबर, तपासणी सुधारेपर्यंत देऊ नये.' एवढी एक ओळ दहा नव्या उदाहरणांपेक्षा मोलाची आहे.

इथेच तुमच्या 'देत नाहीत' या तक्रारीचं उत्तर मला सापडतं. पाच संचांची अट घातलीत तर काय होईल, ते मी आजच सांगते. लोक पुस्तकातली उदाहरणं न तपासता टाइप करून टाकतील, तुमच्याकडे पंचवीस-तीस कच्चे संच जमा होतील आणि ते तपासायचं काम पुन्हा तुमच्याच गळ्यात पडेल. त्याऐवजी मागा एवढंच: जो उदाहरण वापरेल, त्याने त्याच्या ओळीत दोन वाक्यं लिहायची. किती मुलांना आलं, कुठे अडली, काही चूक सापडली का. दोन वाक्यं लिहायला कुणी नाही म्हणणार नाही. ज्या शिक्षकाने तुमचं उदाहरण साठ मुलांवर चालवून पाहिलं, त्याच्याकडे तुम्हाला कधीच मिळाली नसती अशी माहिती आहे. त्याला फुकट नेणारा म्हणू नका. तो तुमचा परीक्षक आहे, त्याच्याकडून अहवाल घ्या.

आता उत्तरं फुटल्याचं. चवथीला मुलं घरोघर आरत्या करत फिरतात, भावंडं एकत्र जमतात, तीन कॉलेजांतली चुलत-मावस भावंडं एका माटोळीखाली (गणपतीवर बांधलेल्या फळापानांच्या छताखाली) बसतात. तिथे उत्तरं फिरली नसती तरच नवल. पण तुमचं गृहीतक असं आहे की उत्तरं गुप्त राहिली तरच गृहपाठाला किंमत आहे. ते मला पटत नाही. आज उदाहरणाचा फोटो काढला की पायऱ्यांसकट सोडवून देणारी ॲप मुलांच्या मोबाइलवर आहेत. गुप्ततेवर उभा केलेला गृहपाठ आता टिकणारच नाही, मग तुम्ही ड्राइव्ह बंद करा की उघडा ठेवा.

मला सांगा, तुमचा गृहपाठ आयएसएच्या, म्हणजे सेमिस्टरमधल्या अंतर्गत परीक्षेच्या, किती मार्कांना जोडलेला आहे? पत्रात 'दहा मार्क' असा ओझरता उल्लेख आहे. गळतीची मुळी ती आहे. गृहपाठाला दोन-तीन मार्क ठेवा, तेही केल्याबद्दल. प्रयत्न हवे तितके करू द्या, चुकलं की लगेच कळू द्या. आणि पंधरवड्यातून एकदा वर्गात दहा मिनिटं देऊन गृहपाठातलंच एक उदाहरण, आकडे बदलून, कागदावर सोडवून घ्या. उरलेले मार्क त्याला. ज्याने घरी खरोखर केलंय त्याला ती दहा मिनिटं सोपी जातात.

प्रत्येक मुलाला वेगळे आकडे देता येतात, हे तुम्हाला माहीत आहेच. मूडलच्या 'कॅल्क्युलेटेड' प्रश्नात आकडे बदलतात, पण उत्तर आकड्यातच द्यावं लागतं. उत्तर सूत्राच्या रूपात हवं असेल तर 'स्टॅक' नावाची जोड लागते. ती ख्रिस सँगविन यांनी बर्मिंगहॅम विद्यापीठात २००४ च्या सुमारास सुरू केली, खुली आहे, आणि तिच्या पोटात मॅक्सिमा ही बीजगणित करणारी प्रणाली चालते. त्यामुळे साइन दोन एक्स आणि दोन साइन एक्स कॉस एक्स या दोन्ही उत्तरांना ती एकच समजते. इंटिग्रलसाठी तिच्यात वेगळी तपासणी आहे, जी स्थिरांकाचा फरक समजून घेते. माझ्याकडे ती असती तर ती मुलगी दारात उभी राहिलीच नसती. पण स्टॅकसाठी कॉलेजच्या सर्व्हरवर मॅक्सिमा बसवावी लागते, आणि सर्व्हर सांभाळणारा माणूस तुमच्या बाजूचा असावा लागतो. नसेल तर निराश होऊ नका, प्रश्न वळवून विचारा. 'इंटिग्रल काढा' ऐवजी 'ज्या फलनाचा डेरिव्हेटिव्ह साइन एक्स कॉस एक्स आहे आणि शून्यापाशी ज्याची किंमत शून्य आहे, त्याची पाय (π) भागिले दोनपाशी किंमत किती?' असं विचारलं की उत्तर एकच येतं, एक द्वितीयांश. मुलाने कुठलाही रस्ता धरला तरी चालतं.

बदलत्या आकड्यांचा एक धोका मात्र सगळ्या गटाला सांगून ठेवा. 'एक्सचा एन-घात याचं इंटिग्रल काढा' असा प्रश्न केला आणि एनला उणे तीनपासून पाचपर्यंत कुठलाही पूर्णांक यायची मोकळीक दिली, तर नऊ शक्यतांपैकी एक म्हणजे उणे एक. त्या मुलाला एकदम लॉगॅरिदम लागतो, आणि तुमचं उत्तराचं सूत्र शून्याने भागायला जातं. ६३ मुलांच्या वर्गात सरासरी सात जणांच्या वाट्याला हे येईल, आणि बाकीच्यांना सोपं गेलं म्हणून तुम्हाला पत्ताही लागणार नाही. तसंच दोन समीकरणांच्या जोडीत आकडे असे पडतात की डिटर्मिनंटच शून्य होतो. द्विघाती समीकरणात मुळं काल्पनिक निघतात. म्हणून नियम करा: बदलत्या आकड्यांचं उदाहरण भांडारात घालण्यापूर्वी दुसऱ्या कुणीतरी त्याची पाच-सहा रूपं उघडून, हाताने सोडवून पाहायची. स्टॅकमध्ये शिक्षकाला आधी रूपं निवडून, तपासून, तेवढीच मुलांपुढे सोडता येतात. ते अवश्य करा.

नेटचं थोडक्यात. २०२० मध्ये सत्तरी, सांगे, काणकोणातली मुलं रेंज मिळावी म्हणून डोंगरावर जाऊन बसायची, ते आपण पाहिलंय. आजही पावसात वीज गेली की रेंज जाते. गृहपाठाची शेवटची वेळ रविवारी मध्यरात्री ठेवू नका. कॉलेजच्या दिवशी दुपारनंतरची ठेवा, म्हणजे ज्याला घरी जमलं नाही तो लॅबमध्ये बसून उत्तरं भरू शकेल. आणि संच छापून देता येईल असाही ठेवा. मुलाने कदंबच्या बसमध्ये बसून वहीत सोडवावं, लॅबमध्ये येऊन नुसतं भरावं. वहीत सोडवणं चुकवू नये, हा माझा आग्रह आहे. मोबाइलवर अंदाजाने चौकोन भरत जाणाऱ्या मुलाला कॅल्क्युलस येत नाही.

आता तो भाग, जो लिहिताना तुमचा हात थबकला असेल: एप्रिलनंतर या कामाचं काय?

तुमच्या पिढीतल्या कितीजणांनी पाहिलंय माहीत नाही, पण खाजन शेतीचा, म्हणजे खाडीकाठच्या सखल जमिनीवरच्या शेतीचा, बांध आणि त्यातली मानस, म्हणजे पाण्याची झडप, मी लहानपणी रोज पाहायची. भरतीचं खारं पाणी चढलं की मानशीची लाकडी दारं त्या पाण्याच्याच दाबाने मिटायची, ओहोटीला उघडायची. बांध सगळ्या गावाचा. पण मानशीपाशी मासळी धरायच्या हक्काचा लिलाव व्हायचा, आणि ज्याने तो घेतला, त्याचं लक्ष रात्रंदिवस त्या दारांवर असायचं. सामायिक गोष्ट सांभाळणाऱ्याला त्यातून काहीतरी मिळत होतं. तुम्ही दोन वर्षं दारं सांभाळलीत आणि मासळी मात्र तुमच्या वाट्याला कधी आली नाही.

म्हणून दोन गोष्टी करा. पहिली, राखणदार एका वर्षापुरता ठेवा आणि पाळीने बदला. मूळ प्रत एकाच जागी राहील, तिच्यात बदल राखणदारच करेल, बाकीचे शीटमध्ये सुचवतील. मूडल ४.० पासून, म्हणजे २०२२ पासून, प्रश्नाच्या जुन्या-नव्या आवृत्त्या जपून ठेवतं. पण तुमच्या पाच कॉलेजांची पाच मूडल एकमेकांशी बोलत नाहीत, त्यामुळे मूळ प्रत कुठली हे माणसांनीच ठरवायला हवं. वर्षातून दोनदा, सेमिस्टर सुरू होण्याआधी, बँकेतले सगळे प्रश्न मूडल एक्सएमएल स्वरूपात बाहेर काढून सातही जणांना द्या. मग कुणाची नेमणूक संपली, कुठला सर्व्हर बंद पडला तरी भांडार जातं असं होणार नाही. ड्राइव्हची मालकी कॉलेजच्या ईमेल खात्यावर असेल तर ती आजच हलवा. खातं बंद झालं की आतलं सगळं हाताबाहेर जातं.

दुसरी, प्रत्येक ओळीत 'कुणी केलं' हा रकाना रिकामा सोडू नका, आणि भांडाराच्या पहिल्या पानावर सगळ्यांची नावं, कामासकट. त्याच्या बळावर सातजणांच्या सहीचं एक पत्र स्वतःसाठी मागून घ्या: अमुक इतकी उदाहरणं तयार केली, इतक्या कॉलेजांत वापरली गेली. पुढच्या मुलाखतीला ते फायलीत लावा. हे मागायला संकोच वाटत असेल तर माझं हे उत्तर त्यांना दाखवा.

मालकीचंही पाहून घ्या. कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, नोकरीच्या ओघात केलेल्या कामाची पहिली मालकी, वेगळं काही ठरलं नसेल तर, नोकरी देणाऱ्याकडे जाऊ शकते. लेक्चर बेसिसला ते कितपत लागू पडतं हे तुमच्या नेमणूकपत्रातल्या शब्दांवर आहे, तेव्हा ते पत्र एकदा नीट वाचा. कॉलेजकडून लेखी होकार घेऊन भांडारावर क्रिएटिव्ह कॉमन्सचा 'सीसी बाय' परवाना लावलात तर कुणीही वापरेल, पण नाव द्यावं लागेल, आणि तुम्ही उद्या कुठेही असलात तरी तुम्हालाही तो हक्क राहील. दुसऱ्यांच्या पुस्तकातली उदाहरणं मात्र त्यात जशीच्या तशी घालू नका. शिकवण्याच्या ओघात वर्गापुरती प्रत काढायला कलम ५२ मध्ये सूट आहे, पण ती सूट जगासमोर खुलं ठेवायच्या भांडाराला पुरत नाही. कल्पना घ्या, आकडे आणि शब्द तुमचे घाला. आणि प्रसंग आपले घाला ना! पुस्तकांतल्या 'शिडी भिंतीवरून घसरते' या नेहमीच्या उदाहरणाऐवजी मांडवीचं पाणी चढतंय असं द्या. दोन भरत्यांमधलं अंतर साधारण १२ तास २५ मिनिटं असतं. बांधाशी पाणी सर्वांत वेगाने केव्हा चढतं, हा डेरिव्हेटिव्हचा प्रश्न दिवाडी बेटाच्या फेरीबोटीतून रोज येणाऱ्या मुलाला शिडीपेक्षा नक्की जवळचा वाटेल.

तुमच्या ज्येष्ठ सरांविषयी एवढंच. त्यांच्याकडे तीस वर्षांचे जुने ट्युटोरियलचे कागद असणार. त्यांना मूडल शिकवायला जाऊ नका. त्यांच्याकडे जा आणि विचारा, 'सर, मीन व्हॅल्यू थिअरमवर मुलं कुठे चुकतात?' ते जे सांगतील ते त्यांच्या नावाने शीटमध्ये घाला. बहुतेक वेळा 'तुका कित्याक जाय' म्हणणाऱ्या माणसाला कुणी बऱ्याच वर्षांत काही विचारलेलं नसतं.

सगळे ४१ संच एकदम फोडायला बसू नका, दमून सोडून द्याल. नोव्हेंबरच्या सुट्टीत फक्त इंटिग्रेशन घ्या. 'इंटिग्रेशन २'च्या चारही फायली उघडा, एकच उदाहरण दोनदा आलेलं काढून टाका, उरलेल्यांना क्रमांक द्या. आणि त्याआधी आज संध्याकाळी, म्हापशाकडे असोत की मडगावकडे, चुका सुधारणाऱ्या त्या सरांना फोन करा. चुकांचा विषय तुम्हीच काढा, म्हणजे त्यांना अवघड वाटणार नाही. त्यांच्याकडची सुधारलेली प्रत मागून घ्या, आणि पहिल्या दोन ओळींत 'शेवटचं कुणी तपासलं' या रकान्यात त्यांचं नाव लिहा.